मुंबई सोडावी काय?

(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



आजच्या भाषणासाठी आम्ही मुद्दाम असा विषय घेतला आहे की, ज्याची चर्चा सातारा-सांगलीकडून मुंबईस गेलेल्या आपल्या बहुतेक कुटुंबांत रात्रीची जेवणे आटोपल्यावर होत असते. मुंबईत दोन खोल्यांचे घर विकत घेणे नोकरदाराच्या आवाक्याबाहेर गेले आहे. भाड्याने राहावे, तर दर अकरा महिन्यांनी करार आणि भाडेवाढ. तेव्हा मुंबई सोडावी काय, आणि सोडावी तर कोठे जावे, असा हा प्रश्न आहे. तो केवळ आपल्यापुरताच आहे असेही नाही. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यातून कितीएक कुटुंबे टेक्सास, नेवाडा अशा राज्यांत जाऊन राहात आहेत आणि घरांच्या किमती हे त्याचे एक मोठे कारण सांगितले जाते. महाग गाव सोडणे यात कमीपणा नाही, हे आम्ही आरंभीच सांगून ठेवतो. परंतु सोडण्यापूर्वी हिशेब मात्र पुरता मांडला पाहिजे.

हा हिशेब समजण्यासाठी आपले वडील-आजोबा मुंबईत राहिले कसे, हे आठवावे लागेल. १९४९ साली जुन्या सातारा जिल्ह्याचे उत्तर व दक्षिण असे दोन भाग झाले आणि १९६० साली दक्षिण साताऱ्यास सांगली जिल्हा हे नाव मिळाले. पण मुंबईच्या वाटेवर हा भेद कोणी मानला नाही. जावळी, पाटण, माण, खटाव, शिराळा, खानापूर येथील माणसे गिरणगावात एकाच चाळीत उतरली. एका गावच्या पुरुषांनी मिळून खोली धरावयाची, भाडे वर्गणीने द्यावयाचे, दिवसपाळीचा माणूस कामावर गेला की रातपाळीच्या माणसाने त्याच जागी पथारी टाकावयाची आणि जेवण खानावळीत घ्यावयाचे, अशी ती गावकीच्या खोलीची रीत होती. आपल्या ज्ञातीतील कारागिरांपैकी कोणी जिन्याखाली, तर कोणी ओट्यावर शिवणयंत्र मांडीत. त्या राहणीत सुख फारसे नव्हते, हे खरे. पण गिरणीचा भोंगा खोलीत ऐकू येत असे आणि कामावर पायी जाता येत असे. घर व रोजगार यांमध्ये अंतर नव्हते, म्हणून ती दहा बाय बाराची खोली परवडत होती. आमच्या आजच्या सांगण्याचे सार हेच आहे. घर महाग की स्वस्त, हे केवळ त्याच्या किमतीवरून ठरत नाही. ते रोजगारापासून किती दूर आहे, यावरूनही ठरते.

पुढील इतिहास याचीच साक्ष देतो. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार त्यात उतरले आणि बहुसंख्यांना पुन्हा कामाचे तोंड पाहावयास मिळाले नाही. खोली राहिली, पण रोजगार गेला. कितीएक कुटुंबे त्याच वेळी गावी परतली. त्यांना परत आणले ते घरभाड्याने नव्हे, तर रिकाम्या हाताने.

याच्या उलट उदाहरण माथाडी बांधवांचे आहे. पाटण तालुक्यातून मुंबईस आलेल्या अण्णासाहेब पाटील यांनी ओझे वाहणाऱ्या कामगारांची संघटना उभारली आणि १९६९ साली माथाडी कामगारांचा कायदा झाला. १९७० साली सिडकोची स्थापना होऊन नवी मुंबई वसू लागली. पुढे मुंबईतील घाऊक बाजार वाशीस गेले आणि कोपरखैरणे, घणसोली या भागांत माथाडी कामगारांची घरे झाली. बाजार गेला त्या बाजूस घर गेले. म्हणूनच तेथे सातारा-सांगलीकडील माणूस स्थिरावला.

आता गिरणी कामगारांच्या घरांकडे पाहा. १९९१ च्या विकास नियमावलीप्रमाणे गिरण्यांच्या जमिनीतून महापालिकेस व म्हाडास वाटा मिळावयाचा होता. २००१ च्या दुरुस्तीने तो केवळ मोकळ्या जमिनीपुरता उरला. २०१२ साली म्हाडाने पहिली मोठी सोडत काढली, तीत घरे होती ६,९२५ आणि अर्ज आले होते दीड लाखाच्या आसपास. ज्यांना घर मिळाले, त्यांना २२५ चौरस फुटांची जागा गिरणगावातच मिळाली. पुढे उरलेल्यांसाठी शेलू व वांगणी येथील घरांची योजना पुढे आली, तेव्हा जुलै २०२५ मध्ये कामगार व त्यांचे वारस आझाद मैदानावर जमले आणि मुंबईतच घर द्या, अशी मागणी त्यांनी केली. कित्येकांना ती हट्टाची वाटली. पण वांगणी मुंबईपासून सुमारे ८० किलोमीटरांवर आहे. कामगाराचा मुलगा परळला नोकरीस आणि सून दादरला, तर त्या घराचा उपयोग किती, हा प्रश्न रास्तच म्हटला पाहिजे.

येथे शाळेतील त्रैराशिक कामास येते. समजा, एखाद्यास लांबच्या उपनगरातून कामावर जाण्यास दोन तास व येण्यास दोन तास लागतात. महिन्याचे कामाचे दिवस पंचवीस धरले, तर प्रवासाचे तास झाले शंभर. आठ तासांचा एक दिवस, या मापाने ते साडेबारा दिवस होतात. म्हणजे महिन्यास साडेबारा दिवसांची बिनपगारी चाकरी! भाड्यात वाचलेल्या रुपयांच्या शेजारी हा आकडा मांडावा आणि मग घर स्वस्त मिळाले असे म्हणावे. गृहिणीही नोकरी करीत असेल, तर हा आकडा दुप्पट होतो आणि त्या वेळात मुलांकडे व वृद्धांकडे कोणी पाहावयाचे, हा प्रश्न वेगळाच उरतो.

गावी परतण्याचा विचार करणाऱ्यांनीही हीच फूटपट्टी लावावी. सातारा, कऱ्हाड, सांगली, मिरज येथे घर मुंबईच्या मानाने पुष्कळच स्वल्प किमतीत होते, हे खरे. टेंभू, ताकारी, म्हैसाळ या योजनांचे पाणी दुष्काळी भागात पोचले, तेथे शेतीस आधार आला, हेही खरे. मिरजेस रुग्णालये आहेत, विट्यास यंत्रमाग आहेत, साताऱ्यास कारखाने आहेत. तरीही, गावी गेल्यावर पाहू काय ते, असे म्हणून बिऱ्हाड हलविणे योग्य नव्हे. पतीचा व पत्नीचा, दोघांचाही रोजगार कोणता, हे आधी ठरावे. मुंबईत मिळवती असलेली सून गावी आल्यावर बिनकामाची होऊन बसली, तर वाचलेले घरभाडे तिच्या पगाराच्या रूपाने गेलेच म्हणावयाचे. खानापूर-आटपाडीकडील गलाई बांधवांचे उदाहरण घ्या. सोने-चांदी गाळण्याच्या धंद्यासाठी ते हिंदुस्थानभर पसरले आहेत. जेथे धंदा तेथे बिऱ्हाड आणि गावी मूळ घर, हा व्यवहार त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या सांभाळला आहे.

आणखी एक इशारा देणे आम्ही कर्तव्य समजतो. मुंबईतील पागडीची खोली घाईने विकू नये आणि कुलूप लावून विसरूही नये. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याप्रमाणे, सबळ कारणावाचून सलग सहा महिने जागा वापरात नसेल, तर मालकास तिचा ताबा मागता येतो. शिवाय भाडेकरूच्या निधनसमयी त्याच्यासोबत राहणाऱ्या कुटुंबीयास हक्क पोचतो. गावी राहणाऱ्या मुलास तो आपोआप मिळेल, या समजुतीत राहू नये. वरळीच्या बीडीडी चाळीत १६० चौरस फुटांच्या खोलीत ज्यांनी कळ काढली, त्यांपैकी ५५६ कुटुंबांना ऑगस्ट २०२५ मध्ये ५०० चौरस फुटांच्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या, हे ध्यानी घ्यावे. मात्र इमारत धोकादायक झाली असेल, तर अशा आशेवर जीव टांगणीस लावू नये. खोली विकावीच लागली, तर त्या पैशातून आधी डोक्यावर छप्पर घ्यावे. लग्नात तो पैसा उडाला, म्हणजे दोन्हीकडचा आसरा जातो.

गावच्या घराचेही तसेच आहे. २०२० पासून स्वामित्व योजनेत गावठाणांची ड्रोनद्वारे मोजणी होऊन मिळकतपत्रिका तयार होत आहेत. परगावी राहणाऱ्यांनी आपले नाव तीत लागले की नाही, हे जातीने पाहावे. मुलींचा हक्क महाराष्ट्रात १९९४ साली व साऱ्या देशात २००५ साली कायद्याने मान्य झाला आहे. म्हणून वाटणीच्या बैठकीस बहिणीस बोलवावे ते साडीचोळी करून सही घेण्यासाठी नव्हे, तर तिच्या हिश्श्याचा विचार करण्यासाठी. उद्या तिलाही मुंबई सोडावी लागेल आणि तेव्हा माहेरच्या दोन खणांचा आधार तिला मोलाचा वाटेल.

शेवटी मंडळासाठी आमच्या तीन सूचना आहेत. पहिली, गावकीच्या खोलीची रीत नव्या स्वरूपात सुरू करावी. मुंबई किंवा पुणे येथे नोकरीस जाणाऱ्या तरुणांसाठी व स्वतंत्रपणे तरुणींसाठी मंडळाने भाड्याने जागा घेऊन पहिली दोन वर्षे अल्प दरात सोय करावी. दुसरी, परतू इच्छिणाऱ्यांसाठी सातारा व सांगली येथे नोंदवही ठेवावी. तीत ज्ञातिबांधवांची रिकामी घरे आणि त्यांच्याजवळची कामे अशा दोन्ही नोंदी शेजारी-शेजारी असाव्यात. तिसरी, खोली किंवा घर विकण्यापूर्वी कागदपत्रे वाचून देण्याचे काम आपल्यातील वकील मंडळींनी महिन्यातून एक दिवस विनामूल्य करावे.

ज्या संत नामदेव महाराजांचे नाव आपण अभिमानाने घेतो, ते पंजाबात घुमान येथे जाऊन राहिले. तेथे त्यांना आजही आपले मानतात आणि म्हणूनच २०१५ साली मराठी साहित्य संमेलन तेथे भरले. स्थलांतर हे आपल्या परंपरेस नवे नाही. मुंबईस राहणारा आणि मुंबई सोडणारा, दोघेही आपलेच. कोणी परतला तर, जमले नाही म्हणून आला, असे उद्गार आपल्या ओठी येऊ नयेत. त्याच्यासाठी कामाची चौकशी करावी, एवढी विनंती आहे.