कंट्रोलरमध्ये जीव नाही

तंजावूर राजवाड्याच्या आवारात, सरस्वती महाल ग्रंथालयापासून चार पावलांवर बसून मी आज ट्रेलरच्या ब्रेकबद्दल बोलणार आहे. हसू नका. इथल्या किती घरांतली मुलं आज अमेरिकेत, कॅनडात आहेत आणि सुट्टीत गाडीमागे कॅम्पर लावून फिरतात, ते मोजा. आणि रथाला ब्रेक लागतो हे तर आपल्याला लहानपणापासून ठाऊक आहे. तिरुवारूरच्या रथाला तिरुचीच्या भेलने हायड्रॉलिक ब्रेक बसवले, तरी चाकाखाली मुट्टुकट्टै सारणारी माणसं लागतातच.

माझा भाचा डेन्व्हरला असतो. एका रात्री नऊला त्याचा व्हिडिओ कॉल आला, तिकडे सकाळचे साडेनऊ. "मामा, ब्रेक कंट्रोलरमध्ये जीवच नाही. सावकाश गेलो तर चालेल ना?" मागे दोन टनांचा कॅम्पर, गाडीत बायको आणि दोन मुलं, वाटेत आयझेनहॉवर बोगदा, म्हणजे सुमारे 3,400 मीटर उंची आणि दोन्ही बाजूंना मैलोन्‌मैल उतार. मी म्हटलं, "किल्ली काढ आणि खिशात ठेव." उतारावर पुढची गाडी थांबू बघते, मागची ढकलत राहते. मग ट्रेलर आडवा फिरतो. फौजेत मागे तोफ लावून डोंगर उतरलेल्या माणसाला हे शिकवावं लागत नाही.

आता हा कंट्रोलर म्हणजे डॅशबोर्डखालची डबी. तिला चार तारा. काळी बॅटरीची धन, पांढरी अर्थ, लाल ब्रेकलाइटच्या स्विचकडून, निळी ट्रेलरकडे. पण आधी पुस्तिका वाचा. काही कंट्रोलर ट्रेलर जोडेपर्यंत किंवा गाडी हलेपर्यंत दिवाच दाखवत नाहीत, आणि माणूस उगीच डॅशबोर्ड उघडून बसतो. पिवळ्या प्लगला तर हातही लावू नका, ते एअरबॅगचे असतात.

भाच्याने बॉनेटखालचा सर्किट ब्रेकर पाहिला, दोन्ही टोकांना वीज. ब्रेकच्या एका चुंबकाला साधारण 3 अँपिअर लागतात, दोन ऍक्सलच्या चार चुंबकांना 12. म्हणून तिथे 20 चा ब्रेकर. तोही बरोबर होता. काही पिकअपमध्ये या लाइनचा फ्यूजच बसवलेला नसतो, तेही बघून घ्यावं. मग त्याने कंट्रोलरचा प्लग काढून काळ्या-पांढऱ्या तारांना मीटर लावला. 12.5 व्होल्ट. "मामा, वीज येतेय. डबीच गेली. नवीन आणतो."

इथेच दुकानदाराचं फावतं. मीटर स्वतः जवळजवळ काहीच करंट घेत नाही, त्यामुळे गंजलेल्या सांध्यातूनही त्याला पूर्ण व्होल्ट दिसतात. मी त्याला इंडिकेटरचा 21 वॉटचा बल्ब आणायला लावला, दोन तारा जोडून. काळी तार आणि बॅटरीचं ऋण टोक: बल्ब लख्ख. काळी आणि पांढरी: पेटलाच नाही. म्हणजे येणारी वाट मोकळी, परतीची बंद. पांढरी तार शोधत गेला तर आधीच्या मालकाने ती रंग लावलेल्या पट्टीवर स्क्रूने आवळलेली, खाली हिरवट गंज. कानावर धरायला पाहिजे होता त्या माणसाला!

पट्टीचा नाद सोडून त्याने जाड तारेने ती थेट बॅटरीच्या ऋण टोकाला नेली. डबी उजळली.

तरी मी लगेच सोडलं नाही. ट्रेलर सुटला तर आपोआप ब्रेक लावणाऱ्या स्विचची पिन ओढून बघ म्हटलं, पण ट्रेलरचा प्लग आधी काढून. नाहीतर तीच वीज निळ्या तारेतून उलटी येऊन नवी दुरुस्ती जाळायची. मग रिकाम्या मैदानात ताशी 40 च्या वेगाने कंट्रोलरचा हातखटका एकट्याने दाबायचा, पायाचा ब्रेक न लावता. मागून ओढ जाणवली पाहिजे.

इकडे साडेबारा वाजले होते. बायकोने दोनदा दिवा बंद केला, मी दोनदा लावला. मग मैदानातला व्हिडिओ आला: मागून धाकटी ओरडतेय, "मामाआजोबा, थांबली!"