प्रदूषणाचे दायित्व आणि रायपूरची माती
(रायपूर येथील व्याख्यानाची संहिता)



१ नोव्हेंबर २००० रोजी छत्तीसगढ राज्य अस्तित्वात आले. त्यानंतरच्या दशकात रायपूरलगतच्या उरला व सिलतरा या औद्योगिक क्षेत्रांत स्पंज आयर्नचे अनेक कारखाने उभे राहिले. लोहखनिज, कोळसा आणि डोलोमाइट फिरत्या भट्टीत तापवून तयार होणारे हे लोखंड पोलाद उद्योगाचा कच्चा माल होय. त्यातून रोजगार निर्माण झाला व शासनाच्या तिजोरीत महसूल जमा झाला. त्याच वेळी काळी धूळ घरांच्या छतांवर, तलावांच्या पाण्यावर आणि धानाच्या शेतांवर बसू लागली. कारखान्याच्या ताळेबंदात या धुळीची नोंद कोठेही आढळत नाही. तिचा भार शेजारच्या शेतकऱ्याच्या खात्यावर पडतो. अर्थशास्त्रात यालाच बाह्य परिव्यय म्हणतात.

ही धूळ रोखणारी यंत्रणा उपलब्ध आहे. विद्युतभाराच्या साहाय्याने धुराड्यातील कण पकडणारे ईएसपी हे संयंत्र त्यासाठीच असते. परंतु ते चालविण्यास वीज लागते. ते बंद ठेवल्यास होणारी बचत आजची व निश्चित असते. शिक्षा मात्र उद्याची व अनिश्चित असते. म्हणून हा प्रश्न केवळ उद्योजकाच्या नीतिमत्तेचा नाही, तो हिशेबाचा आहे. दायित्वाचा कायदा हा हिशेब उलटविण्यासाठीच असतो.

तत्त्वे निश्चित आहेत

भारतात याविषयीची तत्त्वे संदिग्ध राहिलेली नाहीत. डिसेंबर १९८५ मध्ये दिल्लीत एका कारखान्यातून ओलियम वायूची गळती झाली. त्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९८६ मध्ये निरपेक्ष दायित्वाचा सिद्धांत मांडला. धोकादायक व्यवसाय करणाऱ्याच्या हातून हानी झाल्यास ‘आम्ही काळजी घेतली होती’ हा बचाव चालणार नाही, असा त्याचा आशय आहे. इंग्लंडमधील १८६८ च्या जुन्या नियमात असलेले अपवादही येथे नाकारण्यात आले. १९९६ मध्ये ‘प्रदूषकाने भरपाई द्यावी’ हे तत्त्व न्यायालयाने भारतीय कायद्याचा भाग मानले आणि राष्ट्रीय हरित न्यायाधिकरण अधिनियम, २०१० च्या कलम २० मध्ये त्याला वैधानिक स्थान मिळाले.

बिछडीचा धडा

तत्त्व आणि वसुली यांतील अंतर मात्र मोठे आहे. राजस्थानात उदयपूरजवळील बिछडी गावात १९८८ च्या सुमारास एच-ॲसिड या रसायनाचे उत्पादन सुरू झाले. त्याचा विषारी गाळ उघड्यावर टाकला गेला आणि विहिरींचे पाणी पिण्यास व सिंचनास निरुपयोगी ठरले. १९८९ मध्ये याचिका दाखल झाली व १९९६ मध्ये निकाल लागला. माती व भूजल पूर्ववत करण्यासाठी नागपूरच्या ‘नीरी’ संस्थेच्या अहवालाच्या आधारे ३७.३८५ कोटी रुपये खर्च निश्चित झाला. तरीही अर्जांमागून अर्ज करून ही रक्कम टाळली गेली. अखेर जुलै २०११ मध्ये न्यायालयाने नोव्हेंबर १९९७ पासून १२ टक्के चक्रवाढ व्याजासह ती भरण्याचा आदेश दिला. देय रक्कम त्यामुळे चौपटीहून अधिक झाली. चक्रवाढ व्याजाचे प्रयोजन शिक्षेपुरते मर्यादित नव्हते. विलंबातून मिळणारा नफा त्याने काढून घेतला, हे त्या आदेशाचे खरे आर्थिक मर्म होय.

अनेक धुराडी, एक शेत

बिछडीत दोषी कोण हे शोधणे तुलनेने सोपे होते, कारण तेथील कारखाने एकाच उद्योगसमूहाचे होते. रायपूरची अडचण निराळी आहे. येथे एका शेतावर अनेक धुराड्यांची धूळ पडते. कोणता कण कोणत्या भट्टीचा, हे शेतकऱ्याने सिद्ध करावे अशी अपेक्षा धरणे म्हणजे भरपाई नाकारण्यासारखेच आहे. या स्थितीची तरतूद २०१० च्या अधिनियमात आहे. हानी अनेक व्यवसायांचा एकत्रित परिणाम असेल, तर कलम १७ नुसार न्यायाधिकरण तिचे दायित्व जबाबदार घटकांमध्ये न्याय्य प्रमाणात वाटून देऊ शकते. छत्तीसगढ या न्यायाधिकरणाच्या भोपाळ पीठाच्या कक्षेत येते. भरपाईचा अर्ज मात्र कारण प्रथम उद्भवल्यापासून पाच वर्षांत करावा लागतो. माती हळूहळू बिघडते आणि मुदत मात्र थांबत नाही. म्हणून नोंदी वेळीच ठेवणे अनिवार्य ठरते.

नवी साधने

२०२५ मध्ये दोन महत्त्वाच्या घडामोडी झाल्या. जुलैमध्ये केंद्र सरकारने दूषित स्थळांच्या व्यवस्थापनाचे नियम अधिसूचित केले. त्यानुसार स्थानिक संस्था अथवा जिल्हा प्रशासनाने संशयित स्थळांची यादी दर सहा महिन्यांनी कळवावी, राज्य मंडळाने ९० दिवसांत प्राथमिक तपासणी करावी, आणि दूषितता सिद्ध झाल्यास शुद्धीकरणाचा खर्च जबाबदार व्यक्तीकडून वसूल करावा, अशी व्यवस्था आहे. खाणकामातून होणारे दूषितीकरण मात्र या नियमांच्या बाहेर आहे, ही बाब छत्तीसगढसारख्या खनिजसंपन्न राज्याने लक्षात ठेवावयास हवी. ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने असे स्पष्ट केले की, जल व वायू अधिनियमांखाली प्रदूषण नियंत्रण मंडळे नुकसानभरपाईची रक्कम आकारू शकतात, तसेच संभाव्य हानीसाठी आगाऊ बँक हमीही मागू शकतात. त्यासाठी नियमांची चौकट आवश्यक आहे, हेही न्यायालयाने सांगितले.

दंड आणि भरपाई यांतील भेद येथे ध्यानात घ्यावयास हवा. दंड शासनाकडे जमा होतो. त्याने शेतातील काळा थर निघत नाही. शेत पूर्ववत करणारी रक्कम वेगळी असते आणि ती प्रदूषकानेच दिली पाहिजे.

यासाठी रायपूर परिसरात तीन गोष्टी प्राधान्याने व्हाव्यात. पहिली, औद्योगिक क्षेत्रांभोवतीच्या गावांत माती व विहिरीच्या पाण्याची नियमित तपासणी होऊन तिचे निष्कर्ष ग्रामपंचायतीत खुले असावेत. दुसरी, प्रत्येक कारखान्याकडून त्याच्या कोळशाच्या वापराच्या प्रमाणात बँक हमी घेतली जावी, जेणेकरून भरपाईचा पैसा वादापूर्वीच बाजूला निघेल. तिसरी, दायित्वाची वाटणी करण्याचे सूत्र आधीच जाहीर असावे. या व्यवस्थेत प्रामाणिक उद्योजकाचेही हित आहे, कारण आज तो ईएसपी चालवून खर्च सोसतो आणि ते बंद ठेवणारा शेजारी स्वस्तात माल विकतो.

उद्योग आणि शेती यांपैकी एकाची निवड करण्याची वेळ रायपूरवर आलेली नाही. लोखंडाच्या किमतीत मातीची किंमत धरली गेली, तर दोन्ही टिकतील. ती न धरल्यास मातीची किंमत शेतकरीच चुकवीत राहील, आणि त्याला चक्रवाढ व्याज मिळवून देणारे कोणी नसेल.