मुंबई बेटाबाहेरचा हुकूम



न्यायालयांच्या सत्तेचा विषय निघाला की आपण सवयीने अमेरिकेकडे, १८०३ च्या मारबरी खटल्याकडे वळतो. शिर्डीतल्या या व्यासपीठावरून मला मात्र पुण्यातल्या एका मुलाची हकिगत सांगायची आहे. त्याचे नाव मोरो रघुनाथ.

साल १८२८. पेशवाई बुडून दहा वर्षे झाली होती. मोरोला त्याचे पालक पांडुरंग रामचंद्र यांनी डांबून ठेवल्याची तक्रार मुंबईच्या सुप्रीम कोर्टापुढे आली. कोर्टाने हेबिअस कॉर्पसचा हुकूम काढला : मुलाला आमच्यापुढे हजर करा. पांडुरंगराव पेशव्यांच्या नात्यातले. अशा माणसाला मुंबईच्या कोर्टात खेचले तर दख्खनच्या सरदारांना इंग्रजांनी दिलेल्या शब्दाची पत काय राहील, असे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांना वाटले. त्यांच्या सरकारने न्यायाधीशांना पत्र धाडले, की असे हुकूम मुंबईबाहेर अमलात येऊ दिले जाणार नाहीत. कार्यकारी सत्तेने न्यायासनाला पत्राने ताकीद द्यावी, हे आजही वाचताना अंगावर येते.

कोर्टाचे सरन्यायाधीश वेस्ट त्याच वर्षी ऑगस्टमध्ये वारले, न्यायमूर्ती चेंबर्स ऑक्टोबरमध्ये. उरले एकटे सर जॉन पीटर ग्रँट. ते हटले नाहीत. सरकार हुकूम बजावू देत नाही, तर कोर्ट चालवण्यात अर्थ काय, असे म्हणून त्यांनी एप्रिल १८२९ मध्ये कोर्टाचे दार बंद केले. प्रकरण लंडनला प्रिव्ही कौन्सिलपुढे गेले आणि तिथे ग्रँट हरले. कोर्टाची हुकूमत मुंबईच्या हद्दीपुरती, आणि हद्दीबाहेर फक्त जे व्यक्तिशः कोर्टाच्या अधिकाराखाली येतात त्यांच्यापुरती, असे ठरले.

कोर्टाच्या सनदेचे शब्द पाहता हा निर्णय चूक म्हणता येत नाही, हे मी मान्य करतो. तरी माझे मन ग्रँट यांच्याच बाजूला आहे. अमेरिकेत मारबरीला हवी ती नेमणूक मिळाली नाही, पण त्याच निकालात सरन्यायाधीश मार्शल यांच्या कोर्टाने घटनाविरोधी कायदा रद्द करण्याचा अधिकार पदरात पाडून घेतला. इथे मुंबईच्या कोर्टाच्या पदरात काहीच पडले नाही. पुणे-नगरकडच्या रयतेला तर हे दार पुढची कित्येक दशके बंदच राहिले.

फौजदारी प्रक्रिया संहितेच्या १९२३ च्या दुरुस्तीने हेबिअस कॉर्पसपुरती वाट रुंदावली. बाकीच्या रिटसाठी मात्र १९५० उजाडावे लागले. राज्यघटनेच्या कलम २२६ ने उच्च न्यायालयाचा हात राज्याच्या टोकापर्यंत नेला.

एवढ्यावर हद्दीचा वाद संपला असे वाटेल. तो संपला नव्हता. १९५३ मध्ये साका वेंकट राव प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की दिल्लीत कार्यालय असलेल्या निवडणूक आयोगाला मद्रासचे उच्च न्यायालय रिट काढू शकत नाही. म्हणजे केंद्राच्या अधिकाऱ्याविरुद्ध दाद मागायची तर माणसाने दिल्ली गाठायची! संघराज्यात नागरिकाला याहून दूर लोटणे ते कोणते? संसदेने १९६३ मध्ये पंधराव्या घटनादुरुस्तीने ही अडचण दूर केली. दाव्याचे कारण जिथे घडले, तिथल्या उच्च न्यायालयात केंद्रालाही उभे करता येऊ लागले.

उच्च न्यायालयाची ही सत्ता किती जवळ आली आहे, हे शिर्डीकरांना वेगळे सांगायला नको. राज्य सरकारने नेमलेले साईबाबा संस्थानचे विश्वस्त मंडळ मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने सप्टेंबर २०२२ मध्ये रद्द केले. सरकारची नेमणूक, आणि तिचा हिशेब मागणारे न्यायालय इथून काही तासांच्या वाटेवर. ग्रँट यांना जे पुण्यापर्यंत पोहोचवता आले नाही, ते आज आपल्या तालुक्यात पोहोचले आहे.

म्हणून राहाता, कोपरगाव, संगमनेरच्या वकील संघांना माझी विनंती आहे. प्रिव्ही कौन्सिलचा १८२९ चा तो निर्णय मराठीत आणून आपल्या ग्रंथालयात ठेवू या. अनुवादाचा पहिला मसुदा मी करून देतो. आणि नव्याने सनद घेतलेल्या वकिलाला कलम २२६ समजावताना आधी मोरो रघुनाथची हकिगत सांगा.