दूध, रक्त आणि निदान
(मंडळाच्या आरोग्य-व्याख्यानमालेत दिलेले भाषण)



सुवर्णमहोत्सवी वर्षातील या व्याख्यानमालेत आरोग्याविषयी चार शब्द सांगावेत, अशी आज्ञा कार्यवाहांनी केली तेव्हा मला संकोच वाटला. मी वैद्य नाही. कलाशाखेची पदवी घेऊन केंद्र सरकारच्या नोकरीनिमित्त दिल्लीस आलो आणि तीसएक वर्षे फायली वाचण्यात गेली. मात्र कागदावर काय लिहिले आहे आणि त्यावरून काय ठरविता येते, यांतील अंतर ओळखण्याची सवय या नोकरीने लावली. आजचा विषय त्याच अंतराचा आहे.

दिल्लीत १९५९ साली दिल्ली दुग्ध योजना सुरू झाली आणि १९७४ मध्ये मदर डेअरी आली. दुधाच्या बूथपुढे पहाटेच्या थंडीत रांगेत उभे राहिलेले ज्येष्ठ सभासद या सभागृहात बसले आहेत. ज्या दुधासाठी आपण रांगा लावल्या, तेच नातवंडास वर्ज्य करा असे सुचविणारा रक्ततपासणीचा कागद घरी आला, म्हणजे आजी-आजोबांचा गोंधळ उडतो. तो कागद कसा वाचावा, एवढेच मला सांगावयाचे आहे.

प्रथम एक भेद ध्यानी घ्यावा. दूध न पचणे आणि दुधाची ॲलर्जी असणे या दोन निराळ्या गोष्टी होत. दुधातील साखर पचविणारे लॅक्टेज हे पाचक द्रव्य वयाबरोबर पुष्कळांच्या आतड्यात कमी होते. मग पोट फुगते, जुलाब होतात. परंतु जिवाला धोका नसतो. अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील डॉ. टंडन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८१ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत, दुग्धशर्करा न सोसण्याचे प्रमाण नवी दिल्लीत सुमारे २७ टक्के, तर त्रिवेंद्रम व पाँडिचेरी येथे सुमारे ६७ टक्के आढळले. या त्रासाचा ॲलर्जीशी संबंध नाही आणि ॲलर्जीच्या रक्ततपासणीत तो दिसतही नाही.

ॲलर्जीचे भांडण साखरेशी नसून प्रथिनांशी असते. केसीन, बीटा-लॅक्टोग्लोब्युलिन इत्यादी निरुपद्रवी प्रथिनांना शरीर शत्रू समजते आणि त्यांच्याविरुद्ध प्रतिपिंडे निर्माण करते. यांपैकी आय-जी-ई या प्रतिपिंडाचा शोध १९६६-६७ च्या सुमारास दोन ठिकाणी स्वतंत्रपणे लागला. अमेरिकेतील डेन्व्हर येथे किमिशिगे व तेरुको इशिझाका हे जपानी दांपत्य, तर स्वीडनमधील उप्साला येथे योहान्सन व बेनिच हे संशोधक त्यावर काम करीत होते. १९६८ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या पुढाकाराने त्याचे नाव निश्चित झाले. विशिष्ट पदार्थाविरुद्धचे आय-जी-ई रक्तात किती आहे, हे मोजण्याची रीत याच शोधातून निघाली.

ही तपासणी उपयुक्त आहे, यात शंका नाही. अंगावर इसब असले किंवा ॲलर्जीवरील गोळ्या चालू असल्या, तर त्वचेवरची चाचणी करणे कठीण होते; रक्ताच्या चाचणीस ती अडचण नाही. परंतु ती सांगते काय? तर या शरीराने दुधाविरुद्ध प्रतिपिंडे केलेली आहेत, इतकेच. ०.३५ या नेहमीच्या मर्यादेहून आकडा थोडा अधिक असूनही सुखाने दूध पिणारी मुले असतात. आकडा जितका मोठा, तितकी ॲलर्जीची शक्यता अधिक. पण झटका किती तीव्र येईल, हे त्यावरून नक्की सांगता येत नाही. उलट, काही तान्ह्या मुलांत आय-जी-ईविनाच दुधाची ॲलर्जी होते. शौचावाटे रक्त पडते, आणि ही तपासणी मात्र निर्दोष येते. तेथे डॉक्टर दोन ते चार आठवडे दूध बंद करून, पुन्हा सुरू करून खात्री करतात.

आमच्या कचेरीच्या भाषेत सांगावयाचे तर, रक्ताचा अहवाल ही फाइलीवरील टिप्पणी आहे, आदेश नव्हे. आदेशापूर्वी चौकशी व्हावी लागते. दूध घेतल्यावर किती वेळाने त्रास झाला? किती दूध घेतले होते? दही, पेढा चालतो का? दर वेळी असेच होते का? एवढ्यानेही उलगडा न झाल्यास इस्पितळात, डॉक्टरांच्या देखरेखीखाली, थोडे थोडे दूध पाजून पाहणे हीच अंतिम कसोटी होय. ती घरी करून पाहू नये.

माझ्या एका स्नेह्यांच्या दोन वर्षांच्या नातीची हकिगत सांगतो. तिचे पोट वारंवार दुखे. कोणाच्या सांगण्यावरून एका खासगी प्रयोगशाळेत रक्त दिले. अहवालात दूध, गहू, तूरडाळ, अंडे या सर्वांपुढे लाल खुणा होत्या. आईने भीतीने सर्व बंद केले. तीन महिन्यांत पोर वाळली. अखेर बालरोगतज्ज्ञांनी कागद पाहिला, तेव्हा त्यात मोजले होते ते आय-जी-ई नव्हे, आय-जी-जी. हे प्रतिपिंड आपण रोज खातो त्या अन्नाविरुद्ध निरोगी माणसातही आढळते. त्यावरून अन्नाची ॲलर्जी ठरवू नये, असे युरोपातील ॲलर्जीतज्ज्ञांच्या संस्थेने २००८ मध्येच स्पष्ट केले आहे. त्या मुलीच्या पोटदुखीचे कारण साधे बद्धकोष्ठ निघाले. दूध पुन्हा सुरू झाले आणि ती सावरली.

परंतु या हकिगतीवरून ॲलर्जी हे केवळ थोतांड आहे, असे कोणी समजू नये. दूध घेतल्यावर काही मिनिटांत अंगावर गांधी उठणे, ओठ सुजणे, उलट्या होणे, श्वास कोंडणे ही लक्षणे खरी आणि प्रसंगी प्राणघातक असतात. श्वास कोंडल्यास घरगुती उपचारांत वेळ न दवडता तत्काळ इस्पितळ गाठावे. तेथे ॲड्रेनॅलिनचे इंजेक्शन हाच मुख्य उपाय असतो. अशा मुलास शेळीचे दूध द्या, हा आपल्याकडील सल्लाही धोक्याचा आहे. गाय, म्हैस व शेळी यांच्या दुधातील प्रथिने परस्परांशी फार मिळतीजुळती असतात. मातेचे दूध मात्र डॉक्टरांच्या सल्ल्यावाचून तोडू नये. दिलासा एवढा की, यांतील बहुतेक मुले वाढत्या वयाबरोबर या व्याधीतून मुक्त होतात. म्हणून एकदा घातलेली बंदी जन्मभर न चालविता वेळोवेळी डॉक्टरांकडून तिचा फेरविचार करून घ्यावा.

शेवटी मंडळापुरते एक निवेदन. कोजागरीचे मसाला-दूध, गणेशोत्सवातील पेढे, सत्यनारायणाचा शिरा आणि पंचामृत यांवाचून आपले उत्सव होत नाहीत, आणि प्रसादास नाही म्हणणे आईबापांना जड जाते. यापुढे मुलाच्या हातावर प्रसाद ठेवण्यापूर्वी, “बाळाला दूध चालते ना?” असे आपणच विचारावे. अशा मुलांसाठी खडीसाखर आणि फळे निराळ्या तबकात ठेवावीत. विकतचे पदार्थ आणताना वेष्टनावरील मजकूर वाचावा. दुधासारख्या घटकांची सूचना त्यावर देणे २०२० च्या नियमांनुसार बंधनकारक आहे. ज्या घरात खरोखर ॲलर्जी आहे, त्या आईला “आमच्या वेळी असले काही नव्हते” असे ऐकवू नये. आणि ज्या घरात नुसता कागद आला आहे, तेथे मुलाच्या तोंडचा पेला काढण्यापूर्वी डॉक्टरांना विचारण्याचा सल्ला द्यावा.