जयपूरच्या वेशीत

कोणत्याही नगराला जाण्याचे मार्ग दोन असतात. एक आगगाडीच्या वेळापत्रकात सापडतो. दुसरा त्या नगराच्या स्वभावात शोधावा लागतो. पहिला ठाऊक असूनही दुसरा न उमगल्यामुळे पुष्कळ प्रवासी नगर पाहून ते न पाहिल्यासारखेच परततात. महाराष्ट्रातून जयपूरला जाणाऱ्याने तर या दुसऱ्या मार्गाचा विचार अवश्य करावा. कारण मराठी माणसाचे या नगराशी नाते जुने आहे आणि ते सर्वस्वी सुखाचे नाही.

आगगाडीचा मार्ग आता सुलभ झाला आहे. पूर्वी सवाई माधोपूरला मोठ्या रुळांची गाडी सोडून लहान रुळांच्या गाडीत बसावे लागे. आज मुंबई सेंट्रलहून संध्याकाळी निघालेला प्रवासी सुरत, बडोदा, रतलाम आणि कोटा मागे टाकून दुसऱ्या दिवशी दुपारी जयपूरला थेट उतरतो. पुण्याहूनही थेट गाडी आहे.

स्थानकाच्या उत्तरेस शास्त्री नगर ही वसाहत आहे. येथे राजवाडे नाहीत. साधी घरे, दुकाने आणि मुलांच्या आवडीचे एक विज्ञान केंद्र आहे. नात्यागोत्यातील कोणी येथे राहत असेल, तर प्रवाशाने उतरण्यासाठी हीच जागा पसंत करावी. पूर्वेकडे नाहरगडचा डोंगर दिसतो आणि त्याच्या पलीकडच्या पायथ्याशी जुने नगर आहे, एवढे ध्यानात ठेवले की दिशाभूल होत नाही. बॅटरीवर चालणारी रिक्षा चांदपोलपर्यंत नेते. मात्र भाडे बसण्यापूर्वीच ठरवावे.

‘पोल’ म्हणजे दरवाजा. पश्चिमेस चांदपोल, पूर्वेस सूरजपोल आणि त्यांना जोडणारा एक सरळ राजमार्ग, हा या नगराचा कणा होय. सवाई जयसिंहांनी १७२७ साली विद्याधर भट्टाचार्य यांच्या साहाय्याने हे नगर आखून वसविले. राजमार्गावरील चौकांना ‘चौपड’ म्हणतात. छोट्या चौपडीवरून दक्षिणेस वळले की अजमेरी दरवाजा. बड्या चौपडीवरून वळले की जोहरी बाजार व पुढे सांगानेरी दरवाजा. हवामहालही बड्या चौपडीशीच आहे. २०२० पासून मेट्रो चांदपोलहून बड्या चौपडीपर्यंत जमिनीखालून जाते; परंतु ज्याला नगर पाहावयाचे आहे त्याने हे अंतर पायीच चालावे. येथे ‘रास्ता’ या शब्दाने मराठी माणूस फसतो. तो रुंद हमरस्ता शोधू लागतो आणि पुढ्यात येतो अरुंद बोळ! खजानेवालों का रास्ता येथे संगमरवराच्या मूर्ती घडतात. मनिहारों का रास्ता येथे निखाऱ्याच्या उबेवर लाखेच्या बांगड्या वळविल्या जातात.

या सरळ आखलेल्या मार्गांवर दोन मराठी प्रवासांच्या आठवणी आहेत. १७३५ साली थोरल्या बाजीराव पेशव्यांच्या मातोश्री राधाबाई उत्तरेच्या यात्रेस निघाल्या. त्यांच्या पुत्राच्या फौजांनी बादशाही मुलूख हादरविला होता. तरीही जयसिंहांनी जयपुरात त्यांचे सन्मानाने आतिथ्य केले. नगर तेव्हा अवघे आठ वर्षांचे होते. त्यानंतर सुमारे पंधरा वर्षे लोटली. खंडणीच्या तगाद्याने गांजलेल्या ईश्वरीसिंहांनी डिसेंबर १७५० मध्ये विषप्राशन करून देह ठेवला. पुढच्याच महिन्यात, १० जानेवारी १७५१ रोजी, बाहेर तळ देऊन राहिलेल्या मराठी फौजेतील माणसे हे नवे नगर व त्यातील देवळे पाहण्यासाठी आत शिरली. दरवाजे बंद झाले, नागरिक खवळून उठले आणि मराठ्यांची भीषण कत्तल झाली. मेलेल्यांत कित्येक जण केवळ कुतूहलाने आले असतील. परंतु वेशीबाहेर ज्यांची छावणी खंडणीसाठी बसली आहे, त्यांना वेशीच्या आत पाहुणे कोण म्हणणार? नगर तेच होते. वृद्ध यात्रेकरू स्त्रीला त्याने आदराने आत घेतले आणि फौजेवर सूड उगविला.

आजचा प्रवासी फौज घेऊन जात नाही, हे खरे. तथापि पैसे मोजले म्हणजे नगर आपले झाले, ही समजूत तो पुष्कळदा बरोबर नेतो. त्यावर उतारा हवा असेल तर त्याने त्रिपोलियाच्या मागील जंतरमंतरात जावे. तेथील सम्राट यंत्र सुमारे २७ मीटर उंच आहे. त्याची सावली जी वेळ दाखविते, ती प्रवाशाच्या मनगटावरील घड्याळाशी जुळत नाही. यंत्र चुकलेले नसते. ते जयपूरच्या सूर्याची वेळ सांगत असते. भारतीय प्रमाणवेळ काढण्यासाठी तीत रेखांशापोटी सुमारे २७ मिनिटे मिळवावी लागतात आणि तारखेनुसार थोडी दुरुस्ती करावी लागते.

परगावी गेलेल्या माणसाने एवढा हिशेब करण्याची तयारी ठेवली तरी पुरे. आपले घड्याळ खिशात ठेवून जो तिथल्या सावलीकडे पाहतो, बोळातील कारागिराशी दोन शब्द बोलतो, त्याला सांजवेळी शास्त्री नगरकडे परतताना नाहरगडाचा डोंगर ओळखीचा वाटू लागतो. राधाबाईंना जे दार उघडले होते, ते त्यालाही उघडते.