‘खलिता’ : पिशवीचे झाले पत्र



एका सरकारने दुसऱ्या सरकारास धाडलेल्या गंभीर पत्रास मराठी वृत्तपत्रे ‘खलिता’ म्हणत आली आहेत. घरच्या ख्यालीखुशालीच्या पत्रास कोणी खलिता म्हणत नाही. म्हटलेच तर थट्टेने. या शब्दास एवढा भारदस्तपणा कोठून आला हे पाहू जाता असे आढळते की, मुळात तो पत्राचा शब्द नव्हेच; तो पिशवीचा आहे.

अरबीत ‘खरीता’ म्हणजे थैली. फारसीच्या द्वारे हा शब्द हिंदुस्थानच्या दरबारांत आला. हिंदीत ‘खरीता’ व ‘खलीता’ अशा दोन्ही रूपांनी राहिला. मराठीने लकाराचे रूप पत्करले. राजेलोकांचे पत्र उघडे जात नसे. सोनेरी शिडकावा केलेल्या कागदावर मजकूर लिहावयाचा, कागदाची घडी मलमलीच्या पिशवीत घालावयाची, ती पिशवी पुन्हा किनखाबाच्या थैलीत, थैलीचे तोंड दोरीने आवळावयाचे आणि दोरीस लाखेची मुद्रा लटकवावयाची, असा तो थाट. आतील मजकूर पुष्कळदा ठराविक वळणाचा. मानमरातब काय तो थैलीत आणि मुद्रेत. तेव्हा थैलीचे नाव आतल्या कागदास चिकटले यात नवल नाही. इंग्रज गव्हर्नर-जनरलांनीही संस्थानिकांशी लिहिताना हीच रीत उचलली. ज्यांच्या मायदेशी असा रिवाज नव्हता, त्यांनी येथे येऊन किनखाबाच्या थैल्या शिवून घ्याव्यात, यावरून त्या थैलीचे वजन काय असेल ते कळावे.

हा अर्थपालट एकट्या खलित्याचा नाही. इंग्रजीतील टपालवाचक ‘मेल’ हा शब्द जुन्या फ्रेंचमधील पिशवीच्या शब्दापासून निघाला. पोर्तुगीज ‘माला’ ही तर आजही प्रवासाची पेटी आहे. पोपच्या आज्ञापत्रास ‘बुला’ म्हणतात, ते त्यास लोंबणाऱ्या शिशाच्या मुद्रेवरून. पोर्तुगीज ‘कार्ता’ पपायरसच्या तावावरून आला, आपले ‘पत्र’ झाडाच्या पानावरून. संस्कृतात ‘पत्र’ म्हणजे पंखही होय. आपल्या टपालखात्याने ही व्युत्पत्ती मनावर घेतली तर बरे! ‘दप्तरा’ची वाट मात्र खलित्याच्या नेमकी उलट. कमावलेल्या कातड्याचा ग्रीक शब्द फारसीत वही झाला, वहीची कचेरी झाली, आणि मराठीत तो शेवटी शाळकरी मुलाच्या पाठीवरची पिशवी होऊन बसला.

थैलीचा मान अद्याप गेलेला नाही. १९६१ च्या व्हिएन्ना कराराच्या २७ व्या कलमाने परराष्ट्राच्या वकिलातीची थैली उघडण्यास वा अडवून ठेवण्यास मनाई केली आहे. मात्र थैलीवर बाहेरून दिसेल अशी खूण असली पाहिजे, असेही तेच कलम बजावते.

गोमंतकास हा विषय परका नाही. शेजारच्या राजांशी पोर्तुगीजांनी केलेल्या पत्रव्यवहाराची पुस्तके ‘रैश व्हिझिन्युश’, म्हणजे ‘शेजारचे राजे’, या नावाने गोव्याच्या पुराभिलेखागारात आहेत. येणारे पत्र वाचून अर्थ सांगणाऱ्या सरकारी दुभाष्यास ‘लिंग्व दु इश्तादु’, राज्याची जीभ, म्हणत. ही कामगिरी गोव्याच्या कित्येक हिंदूंनी बजावली. डॉ. पांडुरंग पिसुर्लेकर यांनी १९५२ साली प्रसिद्ध केलेल्या पोर्तुगीज ग्रंथात अशा वकील-दुभाष्यांचा वृत्तांत मूळ कागदांच्या आधारे दिला आहे. परंतु नकलेच्या पुस्तकात उतरतो तो मजकूर. थैली, दोरी, मुद्रा उतरत नाहीत.

देवस्थानांच्या कचेऱ्यांनी येथे अंमळ थांबावे. त्यांच्या कपाटांत जुने कागद फडक्यात बांधून ठेवलेले असतात. पुण्याच्या पेशवे दफ्तरात अशा गाठोड्यास ‘रुमाल’ म्हणतात. म्हणजे तेथेही नाव वेष्टनाचेच. मागील पिढीच्या कारकुनाने काही कागद एका गाठीत बांधले, ते सहसा विनाकारण नव्हे. ते एका जमिनीचे, एका मानाचे, एका तंट्याचे असतात. स्वच्छतेच्या हौसेने फडके टाकून सारे कागद नव्या फायलींत तारखेवार लावले की, कोणते पत्र कशाच्या उत्तरादाखल आले हे सांगणारा साक्षीदारच नाहीसा होतो. लखोटा फेकला म्हणजे टपालाचा शिक्का गेला, आणि ज्या पत्रावर मिती नाही त्यास तेवढी एकच मिती असते. देवस्थानांचा कारभार आजही १९३३ च्या रेग्युलामेंताखाली चालतो. महाजनकीचा वा मानाचा वाद उभा राहिला म्हणजे जुन्या कागदाचा शोध सुरू होतो, आणि मग फेकलेला लखोटा आठवतो.

फडके जीर्ण झाले असेल तर नवे आणावे, पण एका गाठीतले कागद एकाच गाठीत ठेवावेत आणि जुन्या फडक्यावर काही लिहिलेले असल्यास तेवढा तुकडा आत घालावा. लखोटा त्याच्या पत्रासोबत राहू द्यावा, मात्र टाचणीने टोचू नये. आपल्याकडच्या पावसाळ्यात टाचणी गंजते आणि पहिल्यांदा नेमकी सहीच खाते.