रद्दीची गादी

गिरिराज किंवा वनराज जातीच्या कोंबड्यांची पिल्ले परसात आली की खुराड्यात खाली काय अंथरायचे, हा प्रश्न येतो. कोकणात भाताचे तूस हाताशी असते, सुतारवाडीजवळ लाकडाचा भुसा. शहराकडच्या घरात मात्र असते ती रद्दी.

पण वर्तमानपत्र अख्खे पसरू नये. गुळगुळीत कागदावर पिल्लांचे पाय घसरून फाकतात आणि ती कायमची अधू होऊ शकतात. कागदाच्या बोटभर रुंदीच्या पट्ट्या फाडाव्यात, पिना काढाव्यात, दोन-तीन इंच थर द्यावा. चकचकीत मासिके नकोतच, ती पाणी शोषत नाहीत.

कागदाचा एक दोष आहे: भिजला की त्याचा चोथा होऊन थर घट्ट बसतो. म्हणून त्यात तूस मिसळावे आणि गादी रोज खालीवर करावी. मूठभर गादी दाबल्यावर गोळा झाला, तर ओल जास्त आहे. अशा ओलीत अमोनियाचा उग्र वास सुटतो, रक्ती हगवणीचे जंतूही वाढतात. पाण्याच्या भांड्याभोवतीचा ओला भाग त्याच दिवशी काढावा.

काढलेली गादी खतखड्ड्यात टाकावी. विष्ठेतला नत्र आणि कागदातला कर्ब मिळून चांगले खत होते. ताजी मात्र थेट रोपांना घालू नका, मुळे करपतात.